मोठे सार्वजनिक विद्यापीठ की निवडक खासगी? शुल्क भरण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

बारावीचा निकाल लागला आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की नाशिकमधल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. गंगापूर रोडपासून द्वारकापर्यंत खासगी विद्यापीठांचे फलक लागतात. अनोळखी नंबरवरून फोन येतो, "सर, मुलाच्या अ‍ॅडमिशनचं काय ठरलं?" एक काका म्हणतात, केटीएचएम महाविद्यालयात घाला, घरून जाईल. दुसरे म्हणतात, आता त्या पदवीला कोण विचारतो, चांगल्या खासगी विद्यापीठात पाठवा. दोघांच्या बोलण्यात थोडे तथ्य असते, पण मुलाला नेमके काय निवडायचे आहे हे त्यातून कळत नाही.

दोन टोके पाहा. नाशिकच्या अनुदानित महाविद्यालयात बीए किंवा बीएस्सीचे वर्ष काही हजारांत होते. याउलट प्रवेश मिळणेच कठीण असलेल्या काही खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. एवढ्या फरकाच्या बदल्यात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे शुल्क भरण्याआधी कळायला हवे. शुल्क भरल्यावर कळले तर त्याचा फारसा उपयोग नसतो.

पदवी कोण देते आणि शिकवते कोण

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे. विद्यापीठ संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन होते, किंवा केंद्र सरकार एखाद्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा देते. अशा संस्थेला अभिमत विद्यापीठ म्हणतात. सरकारने स्थापन केलेले ते सार्वजनिक. एखाद्या संस्थेने स्वतःच्या पैशावर, पण राज्याच्या कायद्याने स्थापन केलेले ते खासगी. नाशिकमध्ये दोन्ही प्रकार आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) ही राज्याची सार्वजनिक विद्यापीठे इथेच आहेत, तर त्र्यंबक रस्त्यावरचे संदीप विद्यापीठ खासगी आहे.

आपल्या जिल्ह्यातली बहुतेक मुले ज्या मोठ्या विद्यापीठाची पदवी घेतात ते म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे. मात्र नाशिकचा विद्यार्थी 'पुणे विद्यापीठात' शिकतो म्हणजे शिकतो नाशिकमधल्याच कॉलेज रोडच्या किंवा गंगापूर रोडच्या महाविद्यालयात. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची; वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि शिक्षक महाविद्यालयाचे. या व्यवस्थेला संलग्नता म्हणतात. त्यामुळे एकाच विद्यापीठाची पदवी घेतलेल्या दोन मुलांना मिळालेले शिक्षण अगदी वेगळे असू शकते. नाशिकचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ चे, म्हणजे पुणे विद्यापीठाच्याही पंचवीस वर्षे आधीचे. दुसरीकडे, दहा-बारा वर्षांपूर्वी निघालेल्या एखाद्या महाविद्यालयात पदवीचा कागद तोच मिळेल. आत मिळणारे सगळे मात्र सारखे असेलच असे नाही.

आता यात स्वायत्त महाविद्यालयांची भर पडली आहे. विद्यापीठाशी संलग्न राहूनच ती आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२-२३ पासून स्वायत्त आहे. अशा ठिकाणी निकालासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे डोळे लावून बसावे लागत नाही. पण परीक्षा तेच घेणार आणि शिकवणारही तेच, म्हणून महाविद्यालय किती काटेकोर आहे यावर बरेच अवलंबून राहते.

खासगी म्हणजे निवडक नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि फलक लावणाऱ्यांना तो हवाच असतो. खासगी की सार्वजनिक, हा मालकीचा प्रश्न. निवडक आहे का, हा प्रवेशाचा प्रश्न: अर्ज करणाऱ्यांपैकी किती जणांना नाकारतात? पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ सार्वजनिक आहे आणि अतिशय निवडकही. २०२२ मध्ये त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तिथली जागा मिळवायला सीईटीत फार वरचे पर्सेंटाइल लागते. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारातल्या पदव्युत्तर विभागांतही सहज प्रवेश मिळत नाही. हरियाणातले अशोका, बंगळुरूचे अझीम प्रेमजी ही खासगी विद्यापीठे लेखी परीक्षा, मुलाखत, निबंध अशा पायऱ्या लावून मुले निवडतात. आणि ज्यांच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, शुल्क भरेल त्याला जे प्रवेश देतात, अशीही खासगी विद्यापीठे देशात भरपूर आहेत.

समुपदेशक फोनवर म्हणाला, "फक्त चार सीट उरल्यात, आज बुक करा," तर तेवढ्यावरून ती संस्था निवडक ठरत नाही. खरी निवडक संस्था अर्जाची शेवटची तारीख जाहीर करते, निवडीची पद्धत लिहून देते आणि नाही म्हणायला कचरत नाही.

खासगी विद्यापीठांचा इतिहासही माहीत असावा. छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा करून शंभराहून जास्त खासगी विद्यापीठांना परवानगी दिली होती. त्यांतल्या अनेकांकडे इमारतसुद्धा नव्हती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्या कायद्यातली संबंधित कलमे रद्द केली. आयोगाच्या २००३ च्या नियमांनुसार खासगी विद्यापीठाला दुसऱ्या महाविद्यालयांना संलग्नता देता येत नाही. म्हणून नाशिकमधला एखादा क्लास 'आम्ही अमुक राज्यातल्या खासगी विद्यापीठाचे नियमित पदवी केंद्र आहोत' असे सांगत असेल, तर पैसे देण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर जाऊन खात्री करा. बनावट विद्यापीठांची यादीही तिथेच असते.

निवडक ठिकाणची मुले पुढे जातात, ती कशामुळे?

निवडक खासगी विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकेत माजी विद्यार्थ्यांचे फोटो असतात. कोणी परदेशात पीएचडी करत असते, कोणी मोठ्या सल्लागार कंपनीत असते. पालक तो फोटो पाहतात आणि आपल्या मुलाला तिथे उभा कल्पितात. पण ती मुले तिथे गेल्यामुळे हुशार झाली, की हुशार होती म्हणून तिथे पोचली?

निफाड-दिंडोरीकडच्या वाचकांना हे पॅकहाऊसवरून पटकन कळेल. निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये माल येतो तोच निवडून. मण्याचा आकार, साखर, रंग, औषधांचे अंश तपासून घड आत घेतात. उरलेला माल लोकल बाजाराला जातो. खोक्यातले द्राक्ष गोड लागते, पण ती गोडी पॅकहाऊसची नसते. छाटणी वेळेवर झाली, विरळणी नीट झाली, पाणी आणि ऊन बेताने मिळाले, म्हणून ती बागेतच आलेली असते. 'हे पॅकहाऊस द्राक्षे गोड करते' असे कोणी म्हटले तर एकही बागायतदार ते मान्य करणार नाही. मग पॅकहाऊस काहीच करत नाही का? करते. प्रीकूलिंग करून माल टिकवते आणि एकटा शेतकरी जिथे पोचू शकत नाही त्या युरोपच्या बाजारात तो नेऊन घालते. तर गोडी बागेची आणि बाजार पॅकहाऊसमुळे मिळालेला. विद्यापीठाचा हिशेब करतानाही या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरायला हव्यात.

अमेरिकेत दोन अभ्यासांनी त्या वेगळ्या मोजल्या आहेत. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात १९७६ साली महाविद्यालयात गेलेल्या मुलांची पुढची कमाई पाहिली. त्यांनी तुलना केली ती साधारण सारख्याच महाविद्यालयांकडे अर्ज केलेल्या आणि सारखेच होकार-नकार मिळालेल्या मुलांची. त्यांतली काही जास्त निवडक ठिकाणी गेली, काही कमी निवडक ठिकाणी. दोन्ही गटांच्या सरासरी कमाईत म्हणावा असा फरक निघाला नाही. बरीचशी गोडी बागेतून आली होती. पण याला एक अपवाद होता आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच सर्वात महत्त्वाचा आहे: कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांना निवडक ठिकाणी गेल्याचा फायदा झाला. पुढच्या अभ्यासात हेच कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि कमी शिकलेल्या आई-वडिलांच्या मुलांबाबत दिसले.

दुसरा अभ्यास २०२३ चा, राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड यांसारख्या १२ अतिनिवडक खासगी विद्यापीठांच्या प्रतीक्षायादीतल्या मुलांचा त्यांनी माग काढला. काहींना अखेर प्रवेश मिळाला. ज्यांना नाही मिळाला, त्यांतली बरीच मुले आपापल्या राज्याच्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात गेली. सरासरी कमाई इथेही फारशी हलली नाही. मात्र देशातल्या सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता जवळजवळ दीडपट झाली, नामांकित पदव्युत्तर संस्थेत जाण्याची दुप्पट आणि नावाजलेल्या कंपन्यांत काम मिळण्याची तिप्पट. बाजारापर्यंत नेऊन पोचवण्याचा फायदा तो हा.

'हे अमेरिकेचे झाले, नाशिकच्या मुलाचे काय?'

ही हरकत योग्य आहे. अमेरिकेतले राज्याचे मोठे विद्यापीठ म्हणजे एकाच आवारात हजारो मुले, प्राध्यापक आणि प्रयोगशाळा. आपले मोठे विद्यापीठ शेकडो महाविद्यालयांत विखुरलेले आहे. अशा एखाद्या महाविद्यालयात विषयाला पूर्णवेळ शिक्षकच नसेल, तर मूळचा हुशार मुलगाही मागे पडू शकतो. म्हणजे आपल्याकडे जागेमुळे पडणारा फरक अमेरिकेपेक्षा जास्त असू शकतो.

आपल्याकडे उलट बाजूही आहे. बाजारात शिरायचे कितीतरी मोठे रस्ते पदवी कुठली हे विचारतच नाहीत. एमपीएससी, यूपीएससी, बँकांच्या परीक्षा, नेट, गेट, सीए, पदवीनंतरची विधी सीईटी: पदवी वैध असली आणि अट असेल तिथे तेवढे गुण असले की पुरे. या वाटेने जायचे पक्के असेल तर तीन वर्षांत तीस लाख खर्चून आणलेल्या नावाचा त्या परीक्षेत एकही गुण मिळत नाही. घरून जाऊन येऊन वाचलेला वेळ आणि पैसा मात्र तयारीला उपयोगी पडतो.

याउलट सल्लागार कंपन्या, धोरण-संशोधन, मोठ्या शहरांतली माध्यमे, परदेशातले पदव्युत्तर शिक्षण या क्षेत्रांत संस्थेचे नाव, प्राध्यापकांचे शिफारसपत्र आणि माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी खूप कामाला येतात. गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांच्या मुलीला या ओळखी घरातूनही मिळू शकतात. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या शिक्षकाच्या मुलीला त्या कोण देणार? निवडक विद्यापीठाची गरज कोणाला जास्त आहे, हे यावरून ठरते. आपल्याकडे नेमके उलटे होते. ज्यांच्या घरी पैसा आणि ओळखी दोन्ही आहेत तीच मुले तिथे सहज जातात, आणि ज्यांना खरा फायदा झाला असता त्यांना अशा जागा आणि त्यांच्या शिष्यवृत्त्या आहेत हेसुद्धा माहीत नसते. याचे मला मनापासून वाईट वाटते. अझीम प्रेमजी, अशोका ही विद्यापीठे घरच्या उत्पन्नानुसार शुल्कमाफी देतात, काही मुलांना पूर्णही. शुल्काचा छापील आकडा पाहून पान उलटू नका. शिष्यवृत्तीचे पान आधी वाचा आणि अर्ज करा. नकार मिळाला तर फार तर अर्जाचे पैसे जातील.

'सरकारीत शिकवतच नाहीत'

काही ठिकाणी हे खरे आहे. अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि काम तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या शिक्षकांवर चालते. त्यांतले बरेच जण जीव तोडून शिकवतात. पण पुढच्या वर्षी ते असतील याची खात्री नसते, आणि शिफारसपत्र द्यायला किंवा प्रकल्प करून घ्यायला तोच माणूस दोन-तीन वर्षे लागतो. म्हणून महाविद्यालय पाहायला गेलात की इमारत, कॅन्टीन आणि वायफाय नंतर पाहा. आधी त्या विषयाच्या विभागात जा आणि विचारा: पूर्णवेळ शिक्षक किती? वर्गात मुले किती? तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी गेल्या वर्षी कोणते प्रकल्प केले? प्रयोगशाळेत उपकरणे मुलांच्या हातात देतात की कपाटात ठेवतात? हेच प्रश्न खासगी विद्यापीठातही विचारा. तिथेही झकपक इमारतीत दर सहा महिन्यांनी शिक्षक बदलत असतील तर नुकसान तेच.

मोठ्या सार्वजनिक व्यवस्थेत संधी नसतात असे नाही. त्या कोणी आणून देत नाही, एवढेच. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात खगोलशास्त्राची आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राचे एनसीआरए या दोन मोठ्या संशोधन संस्था आहेत. नाशिकची बीएस्सी करणारी मुलगी आयुकाच्या उन्हाळी कार्यक्रमासाठी अर्ज करू शकते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिला कुठल्याही महाविद्यालयाचा विद्यार्थी पात्र असतो आणि दोन महिने एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करायला मिळते. स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. शुल्क पडते ते फक्त परीक्षेचे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत इंटर्नशिप मिळू शकते, पण तिथे स्वतः जाऊन विचारावे लागते.

ज्या मुलाला असे विचारत हिंडता येते, त्याला सार्वजनिक महाविद्यालय पुरते. उरलेले तो बाहेरून मिळवतो. ज्याला मागे लागणारे शिक्षक, छोटा वर्ग आणि ठरलेली दिनचर्या लागते, तो मोठ्या व्यवस्थेत हरवू शकतो. हे मुलाला कमी लेखणे नाही. अठराव्या वर्षी बहुतेकांना आधार लागतोच. आपले मूल यांपैकी कोणते, हे ओळखायला पर्सेंटाइलचा उपयोग होत नाही. त्यासाठी मुलाशी निवांत बसून बोलावे लागते.

राष्ट्रीय क्रमवारीवर मात्र फार विसंबू नका. एनआयआरएफच्या २०२४ च्या यादीत राज्य सार्वजनिक विद्यापीठांत पुणे विद्यापीठ तिसरे होते. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ती क्रमवारी मुख्यतः विद्यापीठाच्या संशोधनाची आणि आवारातल्या विभागांची. तिच्यावरून तालुक्याच्या महाविद्यालयातल्या वर्गाबद्दल काहीच कळत नाही.

पॅकेजचा आकडा कसा वाचावा

'सर्वोच्च पॅकेज ४४ लाख' हा आकडा एका मुलाचा असतो. त्याखाली 'सरासरी' दिलेली असली तरी ती फसवी असू शकते. समजा दहा मुलांना नोकरी लागली: नऊ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४४ लाख. सरासरी निघते ८ लाख, पण दहांपैकी एकालाही ८ लाख मिळालेले नाहीत. म्हणून मध्यक पाहावा. सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येतो तो मध्यक. या उदाहरणात तो ४ लाख.

मध्यक मिळतो कुठे? एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेला आपण भरून दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या वेळेत पदवी मिळालेली मुले, नोकरी लागलेली मुले, पगाराचा मध्यक, पुढील शिक्षणाला गेलेली मुले आणि शिक्षकांची यादी असते. निवडक म्हणवणाऱ्या संस्थेत मंजूर जागा ६०० आणि प्रवेश २५० असतील, तर त्या निवडकपणाबद्दल आणखी कोणाला विचारायची गरज नाही. माहितीपुस्तिकेची पन्नास गुळगुळीत पाने एकीकडे आणि ही पीडीएफ एकीकडे. मी तरी पीडीएफ वाचायला बसेन. संस्थेने ती ठेवलेलीच नसेल, तर प्रवेश विभागाकडे मागा आणि काय उत्तर मिळते ते पाहा.

कर्ज काढायचे झाले तर

समजा चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी ५ लाख, एकूण २० लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले. व्याज १० टक्के धरू. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहते. साध्या व्याजाने त्या काळात ७ लाख होतात. परतफेड सुरू होताना बाकी २७ लाख. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता साधारण ३५,७०० रुपये, आणि शेवटी भरलेली रक्कम जवळपास ४३ लाख. आता मघाच्या पीडीएफमधला मध्यक घ्या, बाराने भागा आणि या हप्त्याशेजारी मांडा. वर्षाला ५ लाख पगाराच्या मुलाचे महिन्याला जेमतेम ४१ हजार होतात. पुण्यातले घरभाडे त्यातून कोण भरणार? मुलाने पगार घेऊनही दहा वर्षे बापाची जमीन गहाण राहावी, ही निवड करू नका. खासगी विद्यापीठ कितीही चांगले असले तरी करू नका.

काही सवलतींनी हे गणित बदलते. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत (नोव्हेंबर २०२४) ठरावीक दर्जाच्या संस्थांमधल्या प्रवेशासाठी तारण आणि जामिनाविना कर्ज मिळते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना, इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत नसेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत असते. आपली संस्था त्या यादीत आहे का ते आधी पाहा.

महाराष्ट्रातल्या मुलींसाठी तर एक निर्णय फार मोठा आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. विनाअनुदानित महाविद्यालयेही यात आहेत. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळली आहेत. म्हणजे ओझरची एखादी मुलगी नाशिकच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात कॅपमधून गेली तर तिचे हे शुल्क शून्य, आणि तीच मुलगी खासगी विद्यापीठात गेली तर पूर्ण. घाईने खासगी विद्यापीठात जागा 'बुक' करताना कितीतरी घरांना हा फरक कोणी सांगतच नाही. सांगायला हवा आणि मोठ्याने सांगायला हवा. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. जाऊन विचारता येते.

'पण खासगी पदवीला पुढे मान्यता असते का?'

राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि आयोगाच्या यादीत असलेल्या खासगी विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीला आणि पुढच्या शिक्षणाला चालते. त्याबाबत भीती नको. मात्र विधी, औषधनिर्माण, वास्तुकला अशा अभ्यासक्रमांना त्या त्या परिषदेचीही मान्यता लागते. ती विद्यापीठाला आपोआप मिळत नाही. ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षाचे मान्यतापत्र मागा.

पदवी इथे, पुढचे शिक्षण तिथे

सगळा पैसा पदवीलाच ओतायचा असा नियम नाही, आणि मला तर ही वाट बहुतेक नाशिककर घरांसाठी सर्वात शहाणपणाची वाटते. पदवी नाशिकमध्ये चांगला विभाग बघून करावी. पैसे वाचवावेत, उन्हाळे वाया घालवू नयेत. मग पदव्युत्तर शिक्षण निवडक ठिकाणी घ्यावे: गणेशखिंडला, आयआयटीत, टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) किंवा एखाद्या खासगी विद्यापीठात. एकविसाव्या वर्षी मुलाला आपल्याला काय हवे ते अठराव्या वर्षापेक्षा बरेच स्पष्ट झालेले असते. शेवटच्या पदवीचे नाव नोकरीत जास्त पाहिले जाते आणि दोन वर्षांचा खर्च चार वर्षांच्या निम्मा असतो. अपवाद पुन्हा तोच: पूर्ण किंवा मोठी शुल्कमाफी देऊन एखादे खरोखर निवडक विद्यापीठ बोलावत असेल आणि घरात कोणी पदवीधर नसेल, तर पाठवा. लगेच पाठवा.

प्रवेश घेतल्यावर मन बदलले तर

अनेक घरे सुरक्षिततेसाठी आधी एका ठिकाणी पैसे भरतात आणि कॅपमध्ये चांगली जागा लागली की अडकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना इथे कामाची आहे. ती खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही लागू आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून फार तर ५ टक्के, तोही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतो. त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी रद्द केला तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के. त्यापुढे काही नाही. आयोग काही वर्षी याहून सैल मुदत जाहीर करतो, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रकही पाहावे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि तारीख स्पष्ट दिसेल असे पाहा. कोणी मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवत असेल, तर हीच अधिसूचना दाखवा. मूळ कागद तपासून, साक्षांकित प्रती ठेवून घेऊन ते तिथल्या तिथे विद्यार्थ्याला परत द्यायचे, असे तिच्यात लिहिलेले आहे.